हयात दफ्तरकर्त्याची अडचण

माणूस नाशवंत आहे, कागद त्यामानाने कमी नाशवंत आहे, आणि कागदावरचा शिक्का तर मुळीच नाशवंत नाही. या तत्त्वावर जगातले सगळे दफ्तरखाने उभे आहेत. आमचा द्रेनकोवोचा प्रादेशिक दफ्तरखानाही त्यावरच उभा आहे. इमारत पूर्वी तंबाखूचं गोदाम होती, त्यामुळे येणाऱ्या अभ्यासकाला इतिहासाबरोबर दोन-चार शिंकाही मिळतात. (त्या विनामूल्य आहेत.)

मी या संस्थेत नोंदणी अधिकारी आहे. संस्थेची थोरवी गाणं माझ्या कामाच्या यादीत नाही, पण ती गाणारं दुसरं कुणी नसल्यामुळे अतिरिक्त कार्यभार म्हणून ते मीच करतो.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही कागद वाचत नाही, मोजतो. वाचलेल्या कागदावर मतभेद होतात. मोजलेल्यावर होत नाहीत. कागद फळीवर उभे लावायचे आणि फूटपट्टी धरायची. या शास्त्रीय पद्धतीमुळे प्रदेशाच्या इतिहासात कोण किती मोठा होता, याचा निकाल कायमचा लागला आहे. एक माजी महापौर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर थोर होते. आमच्या भागातले एकमेव कवी अठरा सेंटिमीटर भरले. (त्यातले अकरा सेंटिमीटर साभार परत आलेले.)

दुसरी गोष्ट म्हणजे वर्गीकरण. आमच्याकडे तीन विभाग आहेत: कौटुंबिक, व्यावसायिक आणि वैयक्तिक. समजा, एक लग्नपत्रिका आली. ती कौटुंबिक. तिच्या पाठीवर कुणी खिळ्यांचा हिशेब लिहिला असेल तर ती व्यावसायिक. आणि वधूच्या नावावर कुणी काट मारली असेल तर वैयक्तिक. तिन्ही असेल तर पत्रिका एका विभागात ठेवतात आणि उरलेल्या दोन विभागांत 'पत्रिका येथे नाही' अशा चिठ्ठ्या लावतात. संस्थेत आज कागदांपेक्षा चिठ्ठ्या जास्त आहेत, आणि चिठ्ठ्यांची अवस्था कागदांपेक्षा कितीतरी चांगली आहे.

गेल्या वर्षी आमच्या वाचनकक्षात एकतीस अभ्यासक आले. त्यांपैकी सोळा जण पावसामुळे आत आले, नऊ जणांना बसथांबा विचारायचा होता, आणि पाच जण आमचेच निवृत्त कर्मचारी होते. उरलेल्या एका अभ्यासकाला जे हवं होतं, ते आम्ही देऊ शकलो नाही. त्याची ही हकीकत.

त्याचं नाव दोब्री चानजिएव. आमच्याकडे 'चान' म्हणजे जनावराच्या गळ्यातली घंटा. म्हणजे धंदा आडनावातच आला. आजोबांनी घंटा केल्या, वडिलांनी केल्या, दोब्रीकाकांनीही हयात त्यातच घालवली. मग डोंगरावरचे कळप आटत गेले, उरलेल्यांच्या गळ्यात बाजारातल्या यंत्रावर ठोकलेल्या घंटा आल्या, आणि काकांनी एक दिवस कारखान्याला कुलूप लावलं. कारखाना म्हणजे अंगणातली एक खोली, एक भट्टी आणि एक ऐरण. त्यानंतर ते दहा वर्षं द्राक्षाच्या मांडवाखाली बसून होते. त्यांची बायको नेद्याल्काकाकू शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होत्या, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज दोनशे मुलांना ऐकू जाईल असाच राहिला. पुढचा संवाद म्हणूनच सगळ्या गल्लीने ऐकला आहे.

हिवाळ्याच्या बेगमीचे दिवस होते. अंगणात लाल मिरच्या भाजल्या जात होत्या, आणि तळघरात बरण्यांना जागा नव्हती.

"दोब्री, तुझ्या आजोबाला बाहेर काढ. मला चटणी ठेवायचीय."

"ते आजोबा नाहीत, कागद आहेत."

"आजोबा असते तर निदान बरण्या उचलू लागले असते."

"फेकून देऊ का मग? तीन पिढ्यांचं आहे त्यात."

"मी फेक म्हटलं? तो दफ्तरखाना आहे ना तंबाखूवाला, तिथे नेऊन दे. तिथे सगळं घेतात. त्या महापौराचं घेतलं, तर तुझं का नाही घेणार?"

त्याप्रमाणे काका सात खोकी घेऊन आले. आमच्या संचालिका स्पासोवाबाई यांनी पहिलं खोकं उघडलं आणि त्यांचा हात गळ्यातल्या चष्म्याकडे गेला. घराण्याचे फोटो, धंद्याची पत्रं, काकांनी सैन्यातून नेद्याल्काकाकूंना लिहिलेली पत्रं, असं तिन्ही विभागांचं एकाच खोक्यात. असं दफ्तर मिळणं म्हणजे संस्थेला लॉटरीच. आणि तळाशी एका दोरीत ओवलेले घंटांचे फर्मे. हे फर्मे म्हणजे जाड तपकिरी कागदाचे कापलेले आकार. पत्र्यावर ठेवायचे, कडेने खडू फिरवायचा, रेघेवर पत्रा कापायचा. कोकराच्या घंटेचा आकार वेगळा, एडक्याचा वेगळा, म्हाताऱ्या बोकडाचा त्याहून वेगळा. प्रत्येकावर आजोबांच्या पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं.

"आणि मॅडम, कधी काही लागलं तर?" जाताना काकांनी विचारलं.

"काका, तुमचे कागद आता जगातल्या सर्वांत सुरक्षित जागी आहेत."

यात प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आमच्या उत्तरांचं हे वैशिष्ट्य आहे.

हिवाळ्यात 'चानजिएव दफ्तरा'वर विहित प्रक्रिया झाली. ते चार मीटर दहा सेंटिमीटर भरलं. महापौरांच्या कुटुंबाने फेरमोजणीचा अर्ज केला. (तो विचाराधीन आहे.) दोब्रीकाकांची विधिवत 'दफ्तरकर्ता' म्हणून नोंद झाली. आमच्या नोंदपत्रात दफ्तरकर्त्याच्या जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन रकाने असतात. दुसरा रकाना रिकामा राहिल्यामुळे दफ्तर 'अपूर्ण' या शेऱ्याखाली ठेवावं लागलं. मी काकांना तसं रस्त्यात सांगितलं. ते म्हणाले, "माफ करा हं."

वसंतात कोस्तादिन आला. हा वरच्या वाडीचा गडी. बारा देशांचे रस्ते तुडवत ट्रक चालवायचा. एक दिवस ट्रक मालकाच्या दारात उभा केला, घरी आला आणि सगळी बचत मेंढ्यांत घातली. लोक त्याला वेडा म्हणत होते, आणि मेंढ्या बघितल्यावर आणखीच म्हणू लागले. तो थेट मांडवाखाली आला.

"दोब्रीकाका, मला घंटा पाहिजेत. सगळ्या कळपाच्या."

"बाजारात मिळतात."

"बाजारातल्या सगळ्या एकाच आवाजाच्या. कळप चाललाय का कुणाचा फोन वाजतोय तेच कळत नाही. धुक्यात परवा मी तासभर दुसऱ्याच्याच मेंढ्यांमागे चाललो. लहान होतो तेव्हा आमच्या आजोबांचा कळप तुमच्या घंटांवरून ओळखू यायचा. तसल्या पाहिजेत. संत गेओर्गीच्या सणाला कळप डोंगरावर काढायचाय."

काका उठले, आणि कारखान्याची किल्ली शोधू लागले. किल्ली सापडली, कुलूप उघडेना, मग कुलूपच तोडलं. नेद्याल्काकाकूंनी स्वयंपाकघरातून पाहिलं, तर म्हातारा ऐरणीवरची धूळ स्वतःच्या टोपीने पुसत होता आणि कसलंसं गाणं म्हणत होता. गाणं बेसूर होतं. काकू आत गेल्या आणि कधी नव्हे ते त्याला हाक न मारता जेवण कारखान्यात नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे फर्मे मागायला आले. या भेटीला मी हजर होतो, कारण कॉफी मलाच करावी लागते.

"काका, फर्मे व्यावसायिक विभागात आहेत," स्पासोवाबाई मायेने म्हणाल्या. "व्यावसायिक कागद धंदा बंद झाल्यावरच खुले होतात."

"बंदच आहे की. दहा वर्षं झाली."

"मग फर्मे कशाला हवेत?"

"घंटा करायला."

"म्हणजे धंदा चालू आहे."

काकांनी थोडा विचार केला. "कालपासून आहे म्हणा."

"चालू धंद्याचे कागद गोपनीय असतात. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत म्हणून. मला सांगा, या भागात घंटा करणारं दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"बघा, म्हणजे सगळा धोका तुमच्याकडूनच."

तर्क इतका स्वच्छ होता की काकांनीही मान डोलावली. मग त्यांना आठवलं की फर्मे त्यांचे आहेत.

"पण मॅडम, कागद माझेच आहेत. मी परवानगी देतो ना."

"परवानगी दफ्तरकर्त्याचीच लागते, बरोबर. पण अर्जदार आणि परवानगी देणारा एकच माणूस असेल, तर उद्या कुणी म्हणेल, या दोघांनी संगनमत केलं. शिवाय फर्म्यांवर तुमच्या आजोबांनी पेन्सिलीने लिहिलंय. एकावर आहे: 'मितोच्या बायकोसारखी किरकिरी नको.' म्हणजे तो कागद वैयक्तिकही झाला, आणि मितोच्या बायकोचाही झाला. तिची परवानगी?"

"ती बाई मला आठवतही नाही. माझ्या जन्माआधी मेली असेल."

"मग ती तरी कशी देणार?"

काकांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मग मी करू काय? पोरगा मेंढ्या घेऊन थांबलाय."

"वारसाला मात्र लगेच मिळतात," बाई म्हणाल्या. "वारसाला कुठलीच अट नाही."

"आणि वारस वारस कधी होतो?"

स्पासोवाबाई सभ्य आहेत. त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. "त्याची संस्थेला काही घाई नाही, काका."

घरी गेल्यावर काकांनी हे सगळं नेद्याल्काकाकूंना सांगितलं. काकू बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. (आमच्यापेक्षा नीट चिकटवतात.) त्यांनी काम थांबवलं नाही.

"मग मर की."

"काय म्हणालीस?"

"कागदावर रे. त्यांना कागदच लागतो ना? खरा माणूस मेला काय, जगला काय, त्यांना काय करायचंय? त्यांनी तुला एकदा तरी धड बघितलंय का?"

येथे संस्थेच्या नियमाचा उल्लेख करणं आवश्यक आहे. दफ्तरकर्त्याच्या मृत्यूचा पुरावा म्हणून आम्ही दाखला तर मानतोच, पण सार्वजनिक ठिकाणी लावलेलं छापील शोकपत्रकही मानतो. जुन्या काळातली अर्धी माणसं आमच्याकडे केवळ शोकपत्रकांच्या आधारावर मेलेली आहेत. गावात एकही खांब, दार किंवा बसथांबा असा नाही, जिथून कुणीतरी दिवंगत आपल्याकडे पाहत नाही. वर्ष झालं की नवं पत्रक, पाच वर्षं झाली की पुन्हा नवं. त्यामुळे आमच्याकडे मेलेला शेजारी जिवंत शेजाऱ्यापेक्षा जास्त वेळा भेटतो.

काकू छापखान्यात गेल्या. छापखानेवाल्याने फोटो घेतला आणि सवयीने विचारलं, "'प्रेमळ पती, लाडके शेजारी' असं घालू?"

"हे बघ," काकू म्हणाल्या, "मेलाय एवढंच खोटं आहे. बाकी सगळं खरं घाल."

शेवटी मजकूर ठरला तो असा: 'दोब्री चानजिएव आम्हाला सोडून गेले. हट्टी होते. घंटा चांगल्या करत.' खाली 'पत्नी'. छापखानेवाला शंभरापेक्षा कमी छापत नसल्यामुळे शंभर छापावी लागली.

एक फाटकावर लागलं, एक बेकरीसमोरच्या खांबावर, आणि एक संस्थेच्या दारासमोर, आम्हाला सहज दिसेल असं. दुपारपर्यंत माणसं यायला लागली. हातात मयताच्या घरी नेतात त्या शिजवलेल्या गव्हाच्या वाट्या, चेहरे पडलेले. फाटक उघडून बघतात तर मांडवाखाली दोब्रीकाका बसलेले.

"अरे, तू आहेस?"

"आहे की. बस."

"मग बाहेर ते काय लावलंय?"

"ते दफ्तरखान्यासाठी."

"अच्छा!" म्हणून माणूस बसायचा. सरकारी कामासाठी काय काय करावं लागतं हे द्रेनकोवोत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाट्या आल्याच होत्या, त्यामुळे गहू खाल्ला गेला, आणि घरी गाळलेली द्राक्षाची राकियाही निघाली.

अडचण एकाच माणसाने केली. शेजारचा स्तोइल. त्याच्यात आणि काकांच्यात एका अक्रोडाच्या झाडावरून इतकी वर्षं अबोला होता की झाड म्हातारं होऊन पडलं तरी अबोला उभाच होता. स्तोइल आला तो फाटकापासूनच रडत आला. मांडवाखाली काकांना पाहिलं आणि जागच्या जागी थांबला.

"हे बरोबर नाही, दोब्री. मी तुला येताना रस्त्यात माफ केलं. आता मी काय करू?"

"बस. एक घे."

"आज घेतो. माणूस गेलाय म्हणून घेतो," स्तोइल डोळे पुसत म्हणाला. "पण अक्रोडाचं वेगळं."

"अक्रोडाचं वेगळंच," काका म्हणाले. दोघे संध्याकाळपर्यंत शेजारी बसून होते. बोलले फक्त झाडाबद्दल, तेही भांडत.

इकडे संस्थेत कार्यवाही सुरू झाली होती. आमच्या शिपायाने बेकरीसमोरचं पत्रक खांबावरून अलगद सोडवून आणलं. मी नोंदपत्रातला रिकामा रकाना भरला आणि 'अपूर्ण' हा शेरा खोडला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं समाधान क्वचित मिळतं. स्पासोवाबाईंनी सर्वांना उभं केलं आणि एक मिनिट स्तब्धता पाळली. त्या मिनिटात दोब्रीकाका हातात पाव घेऊन समोरच्या बेकरीतून बाहेर पडताना खिडकीतून दिसले. त्यांनी आम्हा सर्वांना उभं पाहून टोपी काढली. बाईंनी पडदा ओढला. दुःखाच्या प्रसंगी लक्ष विचलित होऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असतो.

त्यानंतर श्रीमती नेद्याल्का चानजिएवा, वारस, या काळा रुमाल बांधून वाचनकक्षात हजर झाल्या. सोबत ओझं उचलण्यासाठी एक इसम होता. नियमाने वारसाला असा एक इसम आणता येतो. मी वहीत 'इसम' असंच लिहिलं. बाईंनी इसमाकडे क्षणभर पाहिलं.

"आपण दिवंगतांचे कोण?"

"जवळचाच," काका म्हणाले.

"साम्य खूप आहे." मग त्या काकूंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, फार मोठा माणूस गेला. चार मीटर दहा."

फर्मे घेऊन जतन विभागाचे प्रमुख किरिलोव स्वतः आले. असा मान ते सहसा कुणाला देत नाहीत. पांढरे हातमोजे दिले गेले. एक सुंदर राखाडी पेटी मेजावर ठेवली गेली. किरिलोवांनी झाकण उघडलं.

पेटीत कागद होते. स्वच्छ, सपाट, इस्त्री केलेले. सगळे एकाच मापाचे. सगळे चौकोनी.

काकांनी एक उचलला, मग दुसरा, मग तिसरा. मधोमध आजोबांची पेन्सिल दिसत होती: 'येथून अंगठाभर जास्त.' 'येथून' पुढे काही नव्हतं. चौकोन संपला होता.

"आले तेव्हा फार वाईट अवस्थेत होते," किरिलोव नम्रपणे म्हणाले. "एकही कड सरळ नव्हती. कुठे फुगलेल्या, कुठे आत गेलेल्या, पेटीत बसेनात. एकेक घेऊन सगळ्या कडा सरळ केल्या. डोळे गेले माझे. पण आता तीनशे वर्षं बघायला नको."

"कापलेलं कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

"कात्रणं नियमाप्रमाणे नष्ट केली. त्यांवर मजकूर नव्हता."

काकांनी हातमोजे काढले. (हे नियमबाह्य आहे, पण इसमाला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही.) त्यांनी एका चौकोनावर उघडा तळहात ठेवला, जसा ते एखाद्या जनावराच्या मानेवर ठेवत असतील तसा, आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. नेद्याल्काकाकू रडू लागल्या. काळा रुमाल बांधल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या, आणि आवाज अजिबात येत नव्हता, हे मला विशेष वाटलं.

"लोकांना जतनाची किंमत कळते तेव्हा बरं वाटतं," किरिलोव मला हळूच म्हणाले. त्यांचेही डोळे पाणावले होते.

काका उठले. "छान केलंत," ते म्हणाले. "एकदम सरळ." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला नोंद करता आली असती.

पुढचे काही दिवस कारखान्यातून काहीच आवाज आला नाही. काका ऐरणीपुढे नुसते बसून असायचे. चाळीस वर्षं फर्मा ठेवला, खडू फिरवला, पत्रा कापला. हाताने आकार असा कधी लक्षात ठेवलाच नव्हता, ठेवायची गरज कधी पडली नव्हती. शेवटी काकूंनी एक गठ्ठा आणून त्यांच्यापुढे आपटला.

"कागदच पाहिजे ना? हा घे. आहे की ढीगभर. तू काय रोज मरणार नाहीस."

गठ्ठा शोकपत्रकांचा होता. काकांनी वरचं उचललं, स्वतःचा फोटो जरा निरखला, आणि कात्री घेतली. पहिला फर्मा फोटोतल्या कानाच्या बाजूने कापला. त्यावरून केलेली घंटा 'टक्' अशी वाजली आणि गप्प झाली. दुसरी पातेल्याच्या झाकणासारखी वाजली. तिसरी वाजल्यावर स्तोइल कुंपणावरून ओरडला, "काय पडलं रे?" काका दिवसभर स्वतःला कापत, पत्रा वाकवत, भट्टीत त्यावर पितळेचा मुलामा चढवत आणि शिव्या देत बसायचे. शिव्या आधी दफ्तरखान्याला होत्या, मग पत्र्याला, आणि हळूहळू नुसत्याच चवीसाठी उरल्या. जेवायला पुन्हा हाका माराव्या लागू लागल्या.

सणाच्या आदल्या दिवशी कोस्तादिन घंटा न्यायला आला. त्याने एक वाजवली, दुसरी वाजवली. चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून ठेवलं, जसं माणूस पाहुण्यांकडची आंबट दारू पिताना धरतो.

"तुझ्या आजोबांच्या कळपासारखा नाही आवाज," काका म्हणाले. "मला माहितेय. नको असतील तर नको नेऊ. मी वाईट वाटून घेणार नाही."

"नेतो की," कोस्तादिन म्हणाला. पण त्याचा आवाजही घंटेसारखाच निघाला.

सणाच्या सकाळी कळप मुख्य रस्त्याने निघाला. मी संस्थेच्या खिडकीत होतो, त्यामुळे ही साक्ष अधिकृत समजावी. आधी काही ऐकू आलं नाही. मग बेकरीच्या वळणावरून असा आवाज आला, जसं कुणीतरी एक अख्खं स्वयंपाकघर डोंगरावरून खाली ढकलून दिलंय. पातेली, झाकणं, मध्येच एखादी घोगरी हाक, मध्येच कुणीतरी जिन्यावरून पडल्यासारखं. लोक घराबाहेर आले. म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. एक एडका स्वतःच्याच घंटेला घाबरून थांबला, आणि मग फुशारून पुढे निघाला.

कोस्तादिन कळपामागून चालत होता. चौकापर्यंत त्याने खाली मान घातली होती. चौकात तो थांबला, ऐकत राहिला, आणि हसायला लागला.

"काका!" तो रस्त्याच्या पलीकडून ओरडला. "या आवाजाची मेंढी चुकून दुसऱ्याच्या कळपात गेली ना, तर तो स्वतः उचलून आणून देईल! हात जोडून आणून देईल!"

दोब्रीकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि स्तोइलने त्यांच्या पाठीत गुद्दे मारले. (काही अक्रोडाचे असावेत.) ठसका थांबल्यावर ते काकूंना म्हणाले, "ऐकतेस? आजोबाचं यात काही नाही, बापाचंही नाही. सगळ्या चुका माझ्या आहेत."

"त्या मी ओळखल्या," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांची टोपी सरळ केली आणि कळप वळणाआड जाईपर्यंत त्यांचा दंड धरून उभ्या राहिल्या. स्पासोवाबाईंनी आमची खिडकी बंद केली. वाचनकक्षात शांतता असणं आवश्यक आहे. वाचनकक्षात कुणी नव्हतं.

यानंतरचा तपशील केवळ प्रशासकीय आहे. नवे फर्मे तयार झाल्याचं कळताच संस्थेने वारसाला पत्र पाठवून 'दिवंगतांच्या मरणोत्तर कार्याची' मागणी केली. काकूंनी माझ्याबरोबर तोंडी उत्तर पाठवलं: "तुझ्या बाईला सांग, ते कारखान्यात खिळ्याला आहेत. हवे असतील तर खिळ्यासकट आणि भिंतीसकट न्यावे लागतील." स्पासोवाबाईंनी माझ्याकडून भिंतीची मापं मागवली आहेत. भिंती मीटरमध्ये फारच चांगल्या भरतात.

दोब्रीकाकांनीही मध्यंतरी आपण हयात असल्याचं लेखी कळवलं. परंतु दफ्तरकर्त्याच्या मृत्यूनंतरच्या तारखेचं पत्र अस्सल असू शकत नाही, हे उघड आहे. सबब 'चानजिएव यांच्या नावावरील बनावट पत्रे' असं नवं दफ्तर उघडण्यात आलं. ते आज दीड मिलिमीटर आहे. बनावट कागदांना गोपनीयता लागू नसल्यामुळे ते कुणालाही बघता येतं, आणि काका ते बघायला अधूनमधून येतात. हातमोजे घालतात, पत्र शेवटपर्यंत वाचतात, घडीवर घडी घालून परत देतात. "अक्षर मात्र हुबेहूब जमवलंय हं," असं परवा मला म्हणाले.

ही हकीकत वाचून आपण मनातल्या मनात आमच्या संस्थेला हसला असाल. हसा. तो आपला हक्क आहे, आणि त्यासाठी अर्ज लागत नाही. फक्त आपल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जी पिशवी आहे, तिच्याविषयी एक किरकोळ चौकशी करायची होती. तीच, जी प्रत्येक घर बदलताना आपण स्वतः उचलून नेता, कुणाला हात लावू देत नाही, आणि 'असू दे, जुनं आहे आमच्याकडचं' असं म्हणता. तिच्यात आपल्या आजोबांच्या हातचं काहीतरी आहे, एवढं आपल्याला पक्कं ठाऊक आहे. काय आहे, ते सांगता येईल? नसेल येत तर संकोच करू नका. आम्हालाही येत नाही. आपल्यात आणि आमच्यात फरक फक्त इतकाच आहे, की आम्ही पोच देतो.